सहादूचा तिसरा अंतरपाट

सहादू गायखेनं आपल्या दुसऱ्या लग्नात एकच काम करायचं ठरवलं होतं. ते काम म्हणजे काहीही न करणं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण ज्यांनी सहादूला कुणाच्याही लग्नात पाहिलं असेल त्यांना विचारा. पळशापासून निफाडपर्यंतच्या भाऊबंदांत लग्न ठरलं की पहिला निरोप सहादूला जायचा, भटजीला मागाहून. कारण लग्नाची कोठी सांभाळावी ती सहादूनंच. तूप, साखर, बेसन, जिलबीच्या पराती सगळं एका खोलीत ठेवून तो दारात उलट्या डब्यावर बसायचा, आणि मग त्या खोलीतून मुंगीसुद्धा त्याला विचारून बाहेर पडायची. कोठीची चावी तो खिशात ठेवत नसे. खिसा फाटतो, सदरा बदलतो, माणसाचा करगोटा मात्र कमरेवर असतो तिथंच असतो, असं त्याचं तत्त्व होतं. म्हणून चावी करगोट्याला, आणि तीही अशा निरगाठीनं की सोडवताना त्याची स्वतःचीच नखं तुटायची. (ही चावी मागायला बायका कधी पुढे येत नसत, हाही एक फायदाच.)

इतर दिवशी हा माणूस पाटबंधारे खात्यात कारकून होता. तिथं त्याला कुणी विचारत नसे.

पहिल्या लग्नात तर तो हळदीच्या अंगानं उठून तुपाचे डबे बघायला गेला होता. त्या डब्यांवर पिवळे पंजे उमटले होते, ते पुढं कित्येक लग्नांत ओळखू यायचे. पहिली बायको बिचारी हसून सोडून द्यायची. ती जाऊन सात वर्षं झाली होती. तेव्हापासून सहादूच्या घरी एकाच माणसाचा स्वयंपाक होई, आणि तोही बहुधा करपे. शेकडो माणसांची पंगत उठवणारा हा गडी रात्री स्टोव्हपुढं एकटा बसून पिठलं खायचा, तेव्हा त्याला फार एकटं वाटायचं.

मग त्याची थोरली बहीण चतुराबाई पोलकं शिवायला पंचवटीत मैनाबाईंकडे गेली, आणि येताना पोलक्याबरोबर स्थळ घेऊन आली. मैनाबाई मूळच्या निफाडच्या. ऐन उमेदीत विधवा झालेल्या. मुलींचे शिवणाचे क्लास चालवायच्या. गळ्यात टेप, पर्समध्ये लहानशी कात्री आणि सुईदोरा, आणि बोलणं कात्रीसारखंच सरळ.

"इधवेचं लगीन म्हंजी मोहतूर, ते रातच्याला लावत्यात," चतुराबाईनं पहिल्याच बैठकीत रीत सांगितली. "अंधारात. कुणाच्या नजरंला पडू नये."

"का? आपण काय कुणाच्या कोंबड्या चोरल्यात?" मैनाबाई म्हणाल्या. "दिवसा लावायचं. लख्ख उन्हात."

चतुराबाईनं पदर तोंडाला लावला. सहादूला मात्र बाई त्याच क्षणी आवडली.

"बँड नको, शालू नको, मानपान नको," मैनाबाई पुढं म्हणाल्या. "दोघांकडची जवळची माणसं, चार मंगलाष्टकं आणि जेवण. दुसऱ्यांदा लग्न करायचं तर जरा निवांत करू. माझी एकच अट आहे."

सहादूनं कान टवकारले.

"पहिल्या लग्नात मी दिवसभर उपाशी होते. नवरानवरीची पंगत शेवटची. बसलो तेव्हा जिलबी संपलेली, मठ्ठ्यात नुसतं पाणी, आणि भात पातेल्यातून खरवडून वाढला. मला घास भरवला तो बघायला कोण होतं, माहितीये? पत्रावळी उचलणारा. तोही म्हणाला, आटपा लवकर." हे सांगताना त्या हसत होत्या, पण हातातली टेप पुन्हा पुन्हा गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. "या वेळी पहिली पंगत. गरम गरम. सगळ्यांसमोर. आणि तुम्ही माझ्या शेजारी बसलेले. बसलेले म्हणजे बसलेले, उठायचं नाही. तुमची कीर्ती ऐकून आहे मी."

"शप्पथ," सहादू म्हणाला.

"कशाची?"

"कोठीच्या चावीची."

याहून पवित्र काही त्याच्याकडं नव्हतं.

तर अठ्ठ्याहत्तर सालच्या वैशाखातल्या एका रविवारी पंचवटीतल्या गंगेकाठच्या एका धर्मशाळेत हे लग्न निघालं. वरच्या मजल्यावरचा लहान हॉल सहादूचा. खालचा मोठा हॉल दिंडोरीच्या पुंजाबा पाटलांचा. त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि वऱ्हाड आलं होतं सटाण्याहून. मागच्या अंगणात दोन्ही लग्नांचा आचारी एकच, आणि दोन्ही लग्नांची कोठीही एकच. ही व्यवस्था काटकसर म्हणून सहादूनंच सुचवली होती. (पुढं जे झालं त्याची सुरुवात इथंच झाली, पण तेव्हा सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं.)

सकाळ खरोखर निवांत गेली. नवरदेवानं स्वतःची दाढी स्वतः केली आणि नेहमीसारखा कोठीच्या सामानाच्या रिक्षामागं न पळता चक्क रिक्षात बसून आला. नव्या फॅशनची, खाली घेर असलेली टेरिकॉटची पँट त्यानं घातली होती. शिंप्यानं खालच्या घेराला लागलेलं कापड कमरेतून वसूल केलं होतं. नवरी पायरीवर बसून चहा पीत होती. नवरदेवही शेजारी बसला आणि तिच्या बशीतून चहा प्यायला.

"आगं बाई, लगनाच्या आधी नवरा-नवरीनं येकमेकाचं त्वांड बघू नये!" चतुराबाई ओरडली.

"अक्का, आमची तोंडं सगळ्यांची बघून झालीत," मैनाबाई म्हणाल्या. "बस, तू पण घे चहा."

अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, हार पडले. मैनाबाईंचा भाऊ केरू यानं बहिणीच्या पदराची आणि सहादूच्या उपरण्याची गाठ मारली आणि डोळे पुसले. मग पत्रावळी मांडल्या गेल्या आणि नवरानवरी पहिल्या पंगतीत, मधोमध, शेजारी शेजारी बसली. मैनाबाईंनी पत्रावळीवर पाणी शिंपडलं आणि हात मांडीवर ठेवून त्या समाधानानं वाट बघू लागल्या.

जेवण येईना.

खालून आवाज येत होते. आता पंगतीचा एक आवाज असतो. तुम्हाआम्हाला तो नुसता गोंगाट वाटतो, सहादूला त्यातलं अक्षर न् अक्षर कळायचं. आधी मीठ, लिंबू, चटणी फिरायला हवी, तर खाली एकदम मठ्ठा निघाला होता. वाढपी समोरासमोर येऊन आदळत होते. एका टोकाला दोनदा भाजी गेली होती आणि दुसऱ्या टोकाला पत्रावळी वाऱ्यानं उडत होत्या. "जिलबी कोठे शे, भाऊ?" असं कुणी सटाणेकर कळवळून विचारत होता. सहादूच्या मांडीचे स्नायू आपोआप ताठ झाले.

"बसा," मैनाबाई समोर बघत म्हणाल्या.

"बसलोच आहे."

"येईल जेवण."

"येईलच. पण खाली कोठीवर कुणी नाही वाटतं."

"असू दे."

खाली काहीतरी धातूचं पडलं आणि घरंगळत गेलं. (मठ्ठ्याचं पातेलं, अर्धं भरलेलं; सहादूनं आवाजावरून ओळखलं.) हे म्हणजे फारच झालं. 

"मी जरा हात धुवून येतो," तो म्हणाला.

"हात धुवून येतो" यात उठण्याचा भाग अगदी किरकोळ आहे, असं त्यानं मनाला समजावलं. गाठ सोडली तर अपशकुन, म्हणून त्यानं गाठ तशीच ठेवून फक्त उपरणं खांद्यावरून उतरवलं, आपल्या पाटावर नीट घडी करून ठेवलं आणि निघाला. मैनाबाई आपल्या पदराला बांधलेल्या त्या घडीशेजारी बसून राहिल्या.

खाली कोठीवर बसवलेले पुंजाबांचे मेहुणे, आहेरात टोपी छोटी निघाली म्हणून, रुसून नदीवर जाऊन बसले होते. चावी कुलपाला तशीच लटकत होती आणि जो येईल तो परात उचलत होता. सहादू थेट दारात जाऊन उभा राहिला. त्यानं मुंडावळ्या कानामागं ढकलल्या, बाह्या वर सारल्या आणि डरकाळी फोडली, "कुणी परातीला हात लावायचा नाही!"

सगळे थबकले. दिंडोरीकरांना वाटलं, हा वरपक्षाकडचा कुणी मानकरी. सटाणेकरांना वाटलं, हा वधूपक्षाचा. मुंडावळ्यांचं कुणी विचारलं नाही. मोठ्या लग्नात माणसं काय काय घालून येतात. बघता बघता सहादूनं वाढप्यांच्या रांगा लावल्या. मीठ पुढं, मठ्ठा मागं. एकाला दटावलं, एकाच्या हातून पळी काढून घेतली, स्वतः कोपरापर्यंत हात घालून जिलबी मोजक्या परातींत लावली. पंगत सुरळीत लागली. पुंजाबा पाटील लांबून बघत व्याह्यांना म्हणाले, "तुमचा माणूस लय हुशार हाय." व्याही म्हणाले, "आम्हाले वाटनं तुमना शे."

आणि मग सहादूला मैनाबाईंची आठवण झाली. तो दचकला. क्षणाचाही विलंब न लावता निघाला. पण कोठीवरून उठायचं तर कुलूप लावून उठायचं, ही वीस वर्षांची सवय. कुलूप लागलं, चावी करगोट्याला गेली, निरगाठ बसली, आणि यातलं काहीही सहादूच्या डोक्याला कळलं नाही, सगळं हातांनीच परस्पर उरकलं. जाताना त्यानं हातही धुतले. दिलेला शब्द तो पाळायचा.

"हात धुवायला त्र्यंबकेश्वराला गेला होता का?" मैनाबाईंनी विचारलं.

"नळाला गर्दी होती."

"नळाला पाक येतोय वाटतं आज. कोपर बघा."

सहादूनं कोपर बघितलं. एक माशी तिथं आधीच येऊन बसली होती.

तो काही बोलणार इतक्यात खाली हलकल्लोळ उठला. आचाऱ्याचं तूप, बेसन, पुऱ्यांचं पीठ सगळं कोठीत आणि कोठीला कुलूप. दिंडोरीची पंगत मिठाजवळ अडली होती. जिन्यावर पावलं धडधडली आणि पुंजाबा पाटील पटका सावरत आठ-दहा माणसं घेऊन वर आले.

"तो मुंडावळ्यावाला कुठं हाय? चावी घिऊन पळाला!"

हॉलमध्ये मुंडावळ्यावाले दोनच होते, आणि त्यातल्या मैनाबाई पळण्यासारख्या दिसत नव्हत्या. सगळ्यांच्या माना सहादूकडं वळल्या. सहादूनं कमर चाचपली. चावी होती.

"द्या की मग!" पुंजाबा म्हणाले.

"देतो. पण ती... आत आहे."

"आत म्हंजी?"

सहादूनं पँटकडं बोट दाखवलं. बायकांनी पदर तोंडाला लावले. नव्या पँटचा हूक उघडल्याशिवाय करगोट्यापर्यंत पोचणं शक्य नव्हतं, आणि तो हूक सकाळी केरूनं गुडघा टेकवून लावला होता.

"आडोसा करा, आडोसा!" चतुराबाईनं इकडं तिकडं बघितलं आणि खुंटीवरचा अंतरपाट ओढला. एक टोक तिनं धरलं, एक केरूनं. सहादूच्या आयुष्यातला हा तिसरा अंतरपाट. मागं नवरदेव श्वास रोखून कमरेशी झटत होता.

आता भटजींचा यात काही दोष नाही. ते कोपऱ्यात डुलक्या घेत होते. डोळा उघडला तर समोर अंतरपाट धरलेला, मुंडावळ्यांतली नवरी अलीकडं, वऱ्हाडी गोळा. इतक्या वर्षांची त्यांचीही सवय. त्यांनी खणखणीत आवाजात मंगलाष्टक सुरू केलं. वऱ्हाड्यांच्या मुठीत उरलेल्या अक्षता होत्याच. त्या पडू लागल्या. पुंजाबांनीही दोन दाणे टाकले, चांगल्या कामाला नाही कशाला म्हणा. "सावधान" ऐकताच खाली दिंडोरीच्या बँडनं वाजवायला घेतलं.

"भटजी, थांबा! लग्न झालंय!" केरू ओरडला.

"मग पुन्हा का लावताय?" भटजींनी रागानं विचारलं.

अंतरपाटामागून सहादूचा रडवेला आवाज आला, "गाठ सुटत नाही हो."

मैनाबाई उठल्या. पदराला उपरणं लोंबत होतं तसंच घेऊन त्या सरळ अंतरपाटाला वळसा घालून मागं गेल्या.

"अहो, नवरीची बाजू ही नव्हे!" भटजी म्हणाले.

"नवरा इकडं अडकलाय," मैनाबाई म्हणाल्या.

पर्सचं बटण उघडल्याचा आवाज आला, आणि मग कात्रीचा.

"आगं बाई बाई! जित्या माणसाचा करगोटा कापीत नसत्यात गं!" चतुराबाईच्या हातून अंतरपाट सुटला. नशिबानं तोवर सगळं झाकलं गेलं होतं. 

"संध्याकाळी नवा बांधीन, अक्का. गोंड्याचा," मैनाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात चावी होती. सहादूनं ती घ्यायला हात पुढं केला. मैनाबाईंनी त्या हाताकडं असं बघितलं की हात परत खिशात गेला.

"मी स्वतःच्या लग्नात दुसऱ्यांदा उपाशी बसले होते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेही एका उपरण्याशेजारी."

सहादूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी एकच गोष्ट बाईनं मागितली होती. ना दागिना, ना शालू, फक्त शेजारी बसा म्हणाली होती. तो खाली मान घालून त्यांच्या मागोमाग जिना उतरला.

मैनाबाईंनी कोठी उघडली. मुंडावळ्या बांधलेली परकी नवरी कोठीच्या दारात उभी राहून सांगते आहे म्हटल्यावर वाढपी निमूट रांगेत आले. "पीठ आचाऱ्याला द्या. जिलबी टोकाकडून वाढा. तू मीठ परत फिरव, वाऱ्यानं उडालंय." तीन वाक्यांत काम झालं. सहादूला याच गोष्टीला डरकाळी लागली होती.

"आता वर-खाली कशापाई करता?" पुंजाबा म्हणाले. "तुमची माणसं बी खालीच बसवा. गरम गरम येतंय. नवरा-नवरीला आमच्या नवरा-नवरीशेजारी पाट मांडा!"

पाट मांडले. मैनाबाई बसण्याआधी म्हणाल्या, "जरा इकडं वळा." पर्समधून सुईदोरा निघाला. त्यांनी उपरणं सहादूच्या खांद्यावर टाकलं आणि सदऱ्याला शिवून टाकलं. दोरा दुहेरी, टाका बारीक. मुलींना क्लासमध्ये शिकवायच्या तसाच. दुसरं टोक त्यांच्या पदराला बांधलेलं होतंच.

पंगत सुरू झाली. "मठ्ठा संपला!" कुणीतरी ओरडलं, सहादू उसळला, पदर ताणला गेला आणि तो परत पाटावर आला. "पुऱ्या कमी पडतायत!" तो उसळला, परत आला. तिसऱ्या वेळेला तो उसळलाच नाही. आणि आश्चर्य म्हणजे, त्याच्यावाचून पुऱ्या आल्या. त्याला जरा वाईटच वाटलं.

मग आग्रह सुरू झाला. नाव घ्या, नाव घ्या. दिंडोरीकर, सटाणेकर, पळसेकर, निफाडकर, सगळी पंगत हात थांबवून बघत होती. मैनाबाईंनी जिलबीचा तुकडा मोडला.

"जिलबीच्या ताटाला मठ्ठ्याची जोड,
सहादूराव जागेवर बसले, हीच आजची गोष्ट गोड!"

पंगतीत हशा पिकला. सहादूनं त्यांना घास भरवला. जिलबी इतकी गरम होती की मैनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. (जिलबीमुळंच, असं त्या अजूनही सांगतात.) सहादूला वाटलं, वीस वर्षं आपण माणसं जेवताना पाहिली, पण दारातून पाहिली. शेजारी बसून कुणाला जेवताना पाहणं हे काही वेगळंच आहे. त्यानं आणखी एक जिलबी त्यांच्या पानात टाकली. स्वतःच्या पानातली.

जेवणं झाली. पुंजाबा पाटील टॉवेल-टोपीचं ताट घेऊन निघाले. आचाऱ्याला दिली, वाढप्यांना दिली, आणि नवरानवरीसमोर येऊन उभे राहिले. काही झालं तरी विस्कटलेली पंगत पहिल्यांदा लावली ती आपणच, हे सहादूच्या लक्षात होतं. त्यानं नम्रपणे डोकं पुढं केलं.

पुंजाबांनी टॉवेल मैनाबाईंच्या हातात ठेवला, टोपी त्यावर ठेवली आणि हात जोडले.

"बाई, तुमच्यामुळं माझी लाज राहिली. जेठात माझ्या धाकटीचं लगीन हाय. कोठी तुमीच सांभाळायची, चावी तुमच्याच हाती. येणार ना?"

"येऊ की," मैनाबाई म्हणाल्या. "आणि यांना?"

पुंजाबांनी सहादूकडं पाहिलं. मग खांद्याजवळचे ते बारीक टाके बोटानं चाचपून बघितले.

"ह्यांला बी आणा," ते म्हणाले. "पर घरनंच असं शिवून आणा."